सही तिसऱ्या पानावर का गेली?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चिपळुणात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. १९९८ पासून. पहिली काही वर्षं रेमिंग्टनच्या मराठी मशीनवर काढली, नंतर संगणक आला. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वंशावळी, सोसायटीच्या नोटिसा, शाळेचे दाखले, असं सगळं माझ्या हाताखालून जातं. वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. कारण ऐकायला किरकोळ वाटेल: काजू सोलणाऱ्या बायकांच्या एका बचत गटाचा अर्ज परत आला, आणि त्याचं खापर माझ्या सॉफ्टवेअरवर फुटलं.

झालं असं. एका कार्यालयाने गटाला अर्जाचा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवला, वर्डच्या डॉकएक्स फाइलमध्ये. तो मी लिबरऑफिस या वर्डसारख्या, पण फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, बारा बायकांची नावं, खाते क्रमांक, यंत्राची किंमत, सगळं भरलं. छापून पाहिला, दोनच पानं. शेवटी उजवीकडे ‘अध्यक्षांची सही व शिक्का’. छापील प्रत बाई घेऊन गेल्या. तिथे ‘सॉफ्ट कॉपीपण मेल करा’ म्हणाले, म्हणून फाइल पाठवली. त्यांनी ती त्यांच्या मशीनवर उघडून छापली तर तीन पानं झाली. तिसऱ्या पानावर एकटी सहीची ओळ, बाकी पान कोरं. ‘नमुना दोन पानी आहे, तुमचा अर्ज तीन पानी आहे, मेळ बसत नाही’ म्हणून परत. वर लिपिकाने अध्यक्षबाईंना समजावून सांगितलं, ‘त्या टायपिंगवाल्या ताई फुकटचं सॉफ्टवेअर वापरतात ना, त्याचं असंच होतं.’

अध्यक्षबाईंनी ते वाक्य माझ्या दुकानात, चार गिऱ्हाइकं उभी असताना, जसंच्या तसं म्हणून दाखवलं. माझ्या धंद्याला ते परवडणारं नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढलं आणि ती फाइल उसवायला बसले.

आधी हे फुकटचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं कसं ते सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. माझ्या दुकानात ते पंख्याच्या पातीपर्यंत गेलं होतं. दोन संगणक, लेझर प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन, सगळं चिखलात. पण सगळ्यात जास्त रडू आलं ते एका बोटभर वस्तूसाठी. जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल, ते मशीनला लावल्याशिवाय मराठी फॉन्ट उघडतच नसे. ते गेलं. फाइलींची एक प्रत वरच्या मजल्यावर भावाच्या कपाटात एका हार्ड डिस्कवर होती, ती वाचली. पंधरा-सोळा वर्षांचे मसुदे. मी म्हटलं, चला, जीव वाचला.

सेकंडहँड संगणक घेतला, पुण्याला असलेल्या माझ्या भाच्याने त्यात लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट यंत्रणा, आणि लिबरऑफिस टाकून दिलं. परवान्याला द्यायला तेव्हा पैसे नव्हते हे खरं कारण, तत्त्व वगैरे काही नाही. हार्ड डिस्क लावली, पहिली फाइल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. मधेच कंस, मधेच डॉलरचं चिन्ह. तेव्हा मीसुद्धा त्या लिपिकासारखंच म्हटलं होतं, ‘हे फुकटचं सॉफ्टवेअर मराठी वाचत नाही रे.’ भाचा म्हणाला, ‘मावशी, त्या फाइलीत मराठी नाहीच आहे.’

त्याचं बरोबर होतं. त्या जुन्या फॉन्टांमध्ये आपण ‘क’ दाबला की संगणक आत एखादं इंग्रजी अक्षर लिहून ठेवायचा, आणि फॉन्ट त्या इंग्रजी अक्षराला क चा मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला, मुखवटा गेला. उरलं ते मुळात होतं तेच. वर्डमध्ये उघडलं असतं तरी तेच दिसलं असतं. युनिकोड या आताच्या, सगळ्या संगणकांवर सारख्या पद्धतीत क हा क म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कोणताही असो. मग जुन्या अक्षरांचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून एकेक मसुदा काढला. ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ झाला, ‘ळ’ काही ठिकाणी गळालेच, आणि एका खरेदीखताच्या मसुद्यात ‘पूर्वेस’च्या जागी असं काही आलं की ती हद्द कुठे जाते ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तीनेक महिने रोज रात्री तासभर तेच काम करत होते. अजून संपलेलं नाही.

तेव्हा ‘फाइल जुळत नाही’ या एका तक्रारीखाली चार वेगवेगळे आजार असतात, हे मी स्वतःच्या अंगावर शिकले आहे. आता त्या बचत गटाच्या फाइलीकडे येते.

पहिली गोष्ट, फॉन्ट. नमुना ‘मंगल’मध्ये होता. मंगल विंडोजबरोबर येतो, तो मायक्रोसॉफ्टचा आहे. माझ्या लिनक्सवर तो नाही, आणि दुसऱ्याच्या मशीनवरून उचलून आणणं परवान्यात बसत नाही. लिबरऑफिस अशा वेळी शहाणपणा करतं: फाइलीत नाव मंगलच ठेवतं, पण दाखवताना जवळचा दुसरा देवनागरी फॉन्ट वापरतं. वरच्या फॉन्टच्या खिडकीत नाव तिरक्या अक्षरात दिसतं, ही त्याची सूचना. मी इतकी वर्षं ते तिरकं नाव पाहत होते आणि मला ती सजावट वाटायची! मंगलची ओळ उंच असते, वर-खाली भरपूर जागा सोडणारी. माझ्याकडच्या फॉन्टची ओळ बुटकी. माझ्या मशीनवर दोन पानांत बसलेला मजकूर त्यांच्याकडे पुन्हा मंगल चढवून उभा राहिला, म्हणजे प्रत्येक ओळ थोडी थोडी वाढली, आणि सही तिसऱ्या पानावर ढकलली गेली. यात सॉफ्टवेअरने कुणाचं काय वाईट केलं?

इंग्रजीत हा प्रश्न बराच सुटला आहे. टाइम्स न्यू रोमन आणि एरियल यांच्या मापाचे लिबरेशन फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००७ मध्ये फुकट दिले. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लितो, केंब्रियाच्या मापाचा कॅलाडिया. माप म्हणजे प्रत्येक अक्षराची रुंदी तंतोतंत तेवढीच, त्यामुळे ओळ जिथे तुटायची तिथेच तुटते. मंगलच्या मापाचा असा भाऊ माझ्या मशीनवर काही सापडला नाही. पण त्याची गरजही नाही. ‘मुक्त’, नोटो सान्स देवनागरी, लोहित हे फॉन्ट फुकट आहेत, विंडोजवरही चालतात, लिनक्सवरही. ‘मुक्त’ तर आपल्या मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेला. दोन्हीकडे एकच फॉन्ट असला की अर्धं भांडण तिथेच मिटतं. नाहीतर लिबरऑफिसमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फॉन्ट फाइलीतच बांधून पाठवता येतो. फाइल जड होते, पण मुखवटा बरोबर जातो.

दुसरी गोष्ट, आणि इथे मला माझ्याच, टायपिंगवाल्यांच्या जातीवर बोलायचं आहे. मी कंट्रोल एफ१० दाबलं. त्याने फाइलीतल्या लपलेल्या खुणा दिसतात, प्रत्येक स्पेसच्या जागी एक ठिपका. ‘दिनांक’ आणि ‘अध्यक्षांची सही’ यांच्यामध्ये त्रेसष्ट ठिपके होते. मोजले. नमुना ज्याने केला त्याने सही उजवीकडे नेण्यासाठी स्पेसबार त्रेसष्ट वेळा दाबला होता. ‘ठिकाण’ नवीन पानावर नेण्यासाठी अकरा वेळा एंटर. हे करणारा माणूस मूर्ख नाही. तो टायपिंगच्या क्लासातून आलेला आहे, माझ्यासारखाच. मशीनवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, त्यामुळे स्पेसबार मोजून मारला की तक्ता नीट बसायचा. आमच्या बाई छडी घेऊन स्पेस मोजून घ्यायच्या! संगणकावर स्पेसची रुंदी फॉन्टप्रमाणे बदलते, त्यामुळे त्रेसष्ट स्पेस एका फॉन्टमध्ये उजव्या समासाशी पोचतात, दुसऱ्यात पुढच्या ओळीवर कोसळतात. याला औषध साधं आहे: पट्टीवर उजवीकडचा टॅब लावायचा, किंवा रेघा नसलेला दोन खणांचा तक्ता करायचा. मग फाइल कुठेही न्या, सही जागची हलत नाही.

तिसरी गोष्ट तक्त्याची. बारा बायकांच्या नावांचा तक्ता माझ्याकडे मजकुरावर चढून बसत होता. नमुना करणाऱ्याने तो कधीतरी कोपऱ्यातल्या चौकोनाला धरून जरासा सरकवला असणार. वर्डमध्ये तसं केलं की तक्ता ‘तरंगता’ होतो, म्हणजे मजकूर त्याच्या भोवतीने वाहायला लागतो. ज्याने सरकवला त्याला याचा पत्ताही नसतो. तरंगता तक्ता दोन पानांवर पसरला की लिबरऑफिसची तारांबळ उडायची, हे मात्र खरं, ते मी लपवत नाही. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या २४.२ आवृत्तीत असे बहुपानी तरंगते तक्ते बरेच सुधारले. माझ्याकडची आवृत्ती जुनी होती, कारण ‘चालतंय ना, मग कशाला हात लावा’. भाच्याने फोनवर शिव्या घातल्या. नवीन आवृत्ती घातल्यावर तक्ता खाली उतरला. वर्डवाल्यांना करायचं असेल तर तक्त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये मजकूर भोवती वाहणं ‘नन’ करायचं, एवढंच.

चौथी गोष्ट मला सगळ्यात मजेची वाटली. अर्जातले आकडे जाड ठशात होते आणि मराठी शब्द साधे. मी किती वेळा बोल्ड केलं तरी स्टाइलमधून ते लागेना. भाचा म्हणाला, ‘फाइलीची एक प्रत कर, नावाच्या शेवटचं डॉकएक्स काढून झिप लिही आणि उघड.’ उघडली. मी पंचवीस वर्षं ज्या फाइली करते आहे त्यांच्या पोटात मी पहिल्यांदा पाहत होते. आत फोल्डर, त्यात डॉक्युमेंट नावाची एक फाइल, आणि त्यात माझ्या बायकांची नावं, प्रत्येक नावाच्या भोवती कोनाच्या कंसांतल्या सूचना. अक्षराचा आकार दोनदा लिहिलेला: एक इंग्रजीसाठी, एक देवनागरी-अरबी वगैरे लिप्यांसाठी. आकार अर्ध्या पॉइंटात मोजतात, म्हणून १२ पॉइंटला २४ लिहिलेलं. इंग्रजीसाठी २४, मराठीसाठी २०. जाड ठसासुद्धा तसाच दोनदा, आणि मराठीचा लिहायचाच राहिला होता. म्हणजे संगणकाच्या लेखी एकाच ओळीत दोन माणसं राहतात आणि त्यांची रेशनकार्डं वेगळी! लिबरऑफिसच्या स्टाइलमध्ये ‘वेस्टर्न’ आणि ‘कॉम्प्लेक्स’ अशा दोन जागा असतात त्या यासाठीच. मी आजवर फक्त पहिलीच भरत होते.

हे सगळं झाल्यावर अर्ज दोन पानांत बसवला, ‘मुक्त’ फॉन्टमध्ये. पीडीएफ केली आणि ती मेल केली. गटाचा अर्ज घेतला गेला. मंजूर होईल तेव्हा होईल.

आता ‘फुकटचं’ या शब्दाविषयी. हे सॉफ्टवेअर कुणी रस्त्यावर टाकलेलं नाही. जर्मनीतल्या स्टारडिव्हिजनचं स्टारऑफिस सन कंपनीने १९९९ मध्ये विकत घेतलं, २००० मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, खुला केला, त्यातून ओपनऑफिस झालं. सन ओरॅकल कंपनीकडे गेल्यावर तिथल्या मंडळींनी सप्टेंबर २०१० मध्ये वेगळी चूल मांडली, ती लिबरऑफिस. तेव्हापासून त्या लोकांचा मोठा वेळ कशात गेला असेल तर दुसऱ्याच्या फाइली उघडण्यात. वर्डच्या जुन्या डॉक फाइलीचं वर्णन मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं ते फेब्रुवारी २००८ मध्ये. तोवर इतरांनी फाइल उघडायची, एक अक्षर बदलायचं, आत काय बदललं ते बघायचं, असं चाचपडतच काम केलं होतं. डॉकएक्सचं वर्णन त्याआधी जाहीर झालं, सुमारे ६,००० पानांचं. त्या पहिल्या मसुद्यात एक खूण आहे तिचा अर्थ होतो ‘वर्ड ९५ सारखं अंतर ठेवा’. ते अंतर नेमकं किती ते सांगितलेलं नाही. आमच्या सासूबाई ‘तुझी आजेसासू घालायची तेवढं मीठ घाल’ म्हणायच्या, तशातला प्रकार. आजेसासू मी पाहिलेल्या नाहीत.

लिबरऑफिस वापरतं ते फाइलीचं खुलं स्वरूप म्हणजे ओडीएफ, ज्यातली वर्डसारखी फाइल म्हणजे ओडीटी. हे २००६ मध्येच आंतरराष्ट्रीय मानक झालं होतं. डॉकएक्सच्या कुटुंबालाही तसं मानक करायचं ठरलं तेव्हा, २००७ मध्ये, भारताने विरोधात मत दिलं. पुढच्या वर्षीही भारत विरोधातच राहिला, मानक मंजूर झाल्यावर ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएलाबरोबर अपीलही केलं. अपील फेटाळलं गेलं. ई-प्रशासनात खुली मानकं वापरावीत असं केंद्र सरकारचं धोरण नोव्हेंबर २०१० पासून आहे. हे मी भाच्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला खोटं वाटलं. जगापुढे उभं राहून नको म्हणणाऱ्या देशात बचत गटाच्या नमुन्याची फाइल कोणत्या स्वरूपात असते, ते वर सांगितलंच.

आणि ज्या लिपिकाने मला नावं ठेवली त्याचं वर्ड २००९ पासून ओडीटी उघडतं. डबल क्लिक करायचं, बस. त्याला ते माहीत नाही, आणि कुणी सांगितलेलं नाही. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये आपले सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर नेण्याचं ठरवलं. म्युनिक शहराने त्याआधी तसंच केलं होतं आणि मग २०१७ मध्ये माघारही घेतली. म्हणजे हे काम सोपं नाही, तेही मला कळतं. पण जवळ केरळ आहे. तिथल्या शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात.

एक्सेलची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. कोकणात एका सर्व्हे नंबरचे हिस्से किती ते तुम्हाला सांगायला नको. सर्व्हे १२ हिस्सा ३ हे आम्ही १२/३ लिहितो. एका गृहस्थांनी भाऊबंदांच्या जमिनीची यादी स्वतः शीटमध्ये भरून माझ्याकडे छापायला आणली. यादीत ‘१२ मार्च’, ‘७ फेब्रुवारी’, ‘९ नोव्हेंबर’ अशी जमीन होती! ११२/५ सारखे मोठे नंबर तारीख होऊ शकत नाहीत, ते तसेच राहिलेले, म्हणून वरवर पाहता यादी बरी दिसत होती. मी तो खण आकड्यात बदलून पाहिला तर पंचेचाळीस हजार आणि काही. कारण आत तारीख म्हणजे १९०० सालापासून मोजलेले दिवस. ७/१२ असं लिहा: भारतीय मांडणीच्या मशीनवर तो ७ डिसेंबर होतो, अमेरिकी मांडणीच्या मशीनवर १२ जुलै. सातबाऱ्याची ही दशा! यात एक्सेल आणि लिबरऑफिसमधलं तसंच कॅल्क दोघेही सारखेच दोषी, मला पक्षपात करायचा नाही. शास्त्रज्ञांचंही तेच झालं, मार्च आणि सेप्टेंबरसारखी दिसणारी जनुकांची नावं तारखा होत होती म्हणून २०२० मध्ये त्यांनी नावंच बदलून टाकली. आपल्याला सर्व्हे नंबर बदलता येत नाहीत. तेव्हा नंबर भरण्याआधी तो रकाना निवडून ‘टेक्स्ट’ करायचा. भरून झाल्यावर केला तर उपयोग नाही, तोवर १२/३ गेलेला असतो.

आणखी एक, वंशावळी करणाऱ्यांसाठी. एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे. पंचांगात नाही, कारण ते लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ नावाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती आणि त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने चुकीसकट उचलली. कॅल्कने ती उचलली नाही, मोजणीची सुरुवात एक दिवस आधी धरून १ मार्च १९०० पासून पुढचं सगळं जुळवून घेतलं. त्यामुळे तुमच्या पणजोबांचा जन्म १९०० च्या जानेवारी किंवा फेब्रुवारीतला असेल तर ते दोन ठिकाणी एका दिवसाच्या अंतराने जन्मलेले दिसतात. मी अशा तारखा आता खणात तारीख म्हणून घालतच नाही, अक्षरं म्हणूनच लिहिते.

माझं मागणं कुणी सॉफ्टवेअर बदलावं असं नाही. ज्याला वर्ड परवडतं त्याने वर्ड वापरावं. मागणं नमुन्याबद्दल आहे. जो नमुना लोकांनी भरून द्यायचा, तो देणाऱ्याने असा द्यावा की तो कोणत्याही मशीनवर तसाच उघडेल. युनिकोड, सगळ्यांना मिळणारा फॉन्ट, त्याचं नाव नमुन्याच्या खाली एका ओळीत. सोबत पीडीएफ, म्हणजे मूळ कसा दिसतो ते कळतं. आणि ओडीटी आली तर ‘ही कसली फाइल’ म्हणून परत पाठवू नये. लिबरऑफिसमधून अशी पीडीएफही करता येते जिच्या पोटात मूळ ओडीटी बसते. छापायची तर पीडीएफ म्हणून छापा, दुरुस्ती करायची तर लिबरऑफिसमध्ये उघडा. मी दुकानाचे सगळे नवे मसुदे तसेच ठेवते. पूर आला तरी एकच फाइल वर न्यायची.

दुकानदार मंडळींना एक सांगते, कारण आपण सगळेच हे करतो: एकच फाइल इकडून तिकडे, ओडीटी, मग डॉकएक्स, मग परत, अशी फिरवू नका. प्रत्येक फेरीत काहीतरी सांडतं. मूळ एका जागी ठेवा, शेवटी एकदाच दुसऱ्या रूपात काढा. ‘कीप करंट फॉरमॅट’ विचारणारी खिडकी मी वर्षभर न वाचता एंटर मारून घालवत होते, तेव्हा हे उपदेशाच्या सुरात घेऊ नये.

बिघाड खरंच सॉफ्टवेअरचा असला तर तो कळवायचीही सोय आहे, हे मला माहीत नव्हतं. त्या तरंगत्या तक्त्याची फाइल मी बायकांची नावं आणि खाते क्रमांक पुसून, त्या जागी ‘अ’, ‘ब’, ‘क’ लिहून भाच्याकडून लिबरऑफिसवाल्यांच्या तक्रार नोंदवहीत टाकली. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा परदेशातल्या माणसाचं उत्तर: माझ्याकडे होत नाही, तुमची आवृत्ती कोणती? तिथेच माझी चोरी पकडली गेली. पण चोवीस तासांत उत्तर! गटाच्या अर्जाला परत यायला सतरा दिवस लागले होते.

पत्र लांबलं आहे, कात्री लावायचा हक्क तुमचा. आपल्या पानावर ‘पत्रे डॉकएक्समध्येच पाठवावीत’ अशी सूचना वाचली, त्याप्रमाणे डॉकएक्स पाठवत आहे, फॉन्ट आत बांधून. सोबत पीडीएफही जोडली आहे. माझ्याकडे हे सहा पानांत बसलं आहे आणि खालची ओळ सहाव्या पानावर उजवीकडे आहे. तुमच्याकडे ती सातव्या पानावर गेली असेल तर कृपया कळवावं.

आपली,
एक टंकलेखिका, चिपळूण
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)